हंगेरी गावातलं भूत

ते भूत म्हणजे मीच, आणि गावात भूत आहे हे आख्ख्या जपानात सगळ्यांत शेवटी मला कळलं.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. अंगणात बसून मी मुळे दोरीला बांधत होते, वाळत घालायला. तेवढ्यात नगरपालिकेचा कोसुगे सायकलवरून आला. चाळिशीचा माणूस, ऊन असो बर्फ असो, गळ्यात टाय. लहानपणी याच अंगणात नाक पुसत फिरायचा, म्हणून मी अजून त्याला लहान पोराला म्हणतात तसं कोसुगे-कुनच म्हणते. त्यालाही चालतं. नाही चाललं तरी सांगतो कुणाला!

"तोकिए काकू, ही गंमत बघा," म्हणत त्याने फोन माझ्या नाकासमोर धरला.

सापोरोच्या कुणा पोरांनी कुंपणाबाहेरून काढलेलं चित्रीकरण होतं. दाट धुकं, त्यात आमचं बंद पडलेलं उद्यान, हंगेरी गाव. गंजलेला आकाशपाळणा, छपराचे तुटके पत्रे, आणि मग लाकडी घोड्यांचं चक्र. तिथे एक बाई वाकलेली. डोक्याला पांढरा रुमाल, लाल भरतकामाचा घोळदार घागरा. चेहरा दिसत नव्हता. ती एकेका घोड्याच्या तोंडावरून हात फिरवत होती आणि ती हलली की कुठूनतरी किणकिण घंटी वाजत होती. ज्याने चित्रीकरण केलं त्याचे दात वाजलेलेही ऐकू येत होते.

"आठ लाख लोकांनी पाहिलंय," कोसुगे म्हणाला. "खाली वाचा काय काय लिहिलंय. अतृप्त आत्मा म्हणे."

मी चष्मा लावून पाहिलं. घागऱ्याला कमरेपाशी निळ्या कापडाची पट्टी जोडलेली होती. ती मीच जोडलीय, पाच वर्षांपूर्वी, कंबर मावेना म्हणून. भुतांचं वजन वाढत नसावं, पण हे आठ लाखांतल्या एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. घंटीचं तर विचारूच नका. आमच्याकडे डोंगराच्या अंगाला जायचं तर अस्वलाने लांब राहावं म्हणून कमरेला घंटी बांधतात, हे होक्काइदोतलं शेंबडं पोरही सांगेल. पण सापोरोच्या पोरांना अस्वल माहीत ते बिस्किटाच्या डब्यावरचं.

मी गप्प बसले. उद्यान बंद होऊन सतरा वर्षं झाली होती, आत जायला मनाई होती आणि माझ्यासमोर नगरपालिकेचा माणूस उभा होता. मी मुळा उचलला आणि पुढची गाठ मारली.

गप्प राहण्याचं आणखी एक कारण होतं. कोसुगे नुसती गंमत दाखवायला आला नव्हता.

"तोक्योचे एक हिरामात्सु म्हणून आहेत. हे बघून त्यांनी आख्खं उद्यान भाड्याने मागितलंय. झपाटलेलं गाव करणार."

"काय करणार?"

"भुतांचं उद्यान हो. लोक लांबून लांबून घाबरायला येतात काकू, तिकीट काढून."

"आमच्या वेळी फुकटात घाबरायचो. खाणीत उतरलं की झालं."

तो हसला नाही. टाय सारखा करत म्हणाला, "काकू, पंधरा तारखेला सभा आहे. तुम्हाला तोंड आहे, म्हणून मुद्दाम आलो. विरोध करू नका. हिरामात्सु गेले तर दुसरं कुणी येणार नाही. मग वसंतात बर्फ वितळला की बुलडोझर. ठरलंय तसं."

"म्हणजे भूत, नाहीतर बुलडोझर."

"तसंच समजा," तो म्हणाला आणि दोन मुळे सायकलला लावून निघून गेला.

आमचं होरोसावा हे कोळशाचं गाव. मी एकोणीस वर्षं खाणीच्या दिवाखोलीत होते. पाळी सुरू होताना प्रत्येकाला टोपीचा दिवा द्यायचा, पाळी सुटली की परत घ्यायचा. खुंटीवर एक जरी जागा रिकामी राहिली, तर कुणीतरी अजून खालीच. तिथेच इवाओ भेटला. दिवा घेताना रोज माझं बोट धरायचा, मेला. लग्नच करावं लागलं.

मग खाण बंद झाली. तेव्हाच्या नगराध्यक्षाच्या डोक्यात आलं की आता परदेशासारखं दिसणारं उद्यान उभारून गावाने पर्यटनावर जगायचं. शेजारच्या गावाने जर्मनी घेतली होती, पलीकडच्याने कॅनडा. उरलेल्यांत हंगेरी बरी दिसली. आमच्यातल्या एकानेही हंगेरी पाहिली नव्हती. मितोबे-सान, खाणीत सुरुंग लावणारा, सहा फुटी राक्षस, त्याला मेंढीच्या कातड्याचा झगा घालून आकाशपाळण्यावर उभा केला. मला लाल घागरा घालून तिकीटघरात बसवलं. नोबु-सानने उपाहारगृहात हंगेरीचा मांसाचा रस्सा केला आणि चव लागेना म्हणून त्यात गपचूप आपला सोयाबीनचा मिसो घातला. तोक्योहून शिकवायला आलेल्या बाईने आम्हाला हंगेरियन भाषेत 'सुस्वागतम' पाठ करायला लावलं होतं. पण पहिल्याच दिवशी मितोबे-सानने पाळण्यात बसलेल्या पाहुण्यांना कडक सलाम ठोकला आणि खाणीत खाली उतरणाऱ्याला म्हणायचं तेच म्हणाला, "सुखरूप परत या!" अर्धे पाहुणे उतरून गेले.

हसा. आम्हीही हसायचो. पण खाण बंद झाल्यावर आजूबाजूची गावं रिकामी होत असताना आम्ही पंधरा वर्षं तग धरला तो त्या हंगेरीवर. जन्मभर जमिनीखाली राहिलेली माणसं पहिल्यांदा दिवसाउजेडी कामाला जायला लागली. संध्याकाळी घरी यायची तेव्हा त्यांच्या मानेवर ऊन लागल्याच्या खुणा असायच्या. मला त्याचं फार वाटायचं. अजून वाटतं.

आणि घोडे. चक्र जुनंच आणलं होतं, सापोरोच्या एका मोडीत निघालेल्या दुकानाच्या गच्चीवरचं. चोवीस घोडे, सगळ्यांचे डोळे पुसून गेलेले. इवाओचा बाप खाणीत घोडे हाकायचा. लहानपणी इवाओने ते घोडे वर आणताना पाहिले होते, उजेडात डोळे मिचकावत कसे उभे राहायचे ते. त्याने डोळे रंगवायचं काम मागून घेतलं. सुरुंगाने दोन बोटं गेलेला तो हात, आणि त्यात नखाएवढा कुंचला. एक आख्खा हिवाळा लागला. चोवीस घोड्यांच्या अठ्ठेचाळीस डोळ्यांत एकाचा दुसऱ्याला मेळ नाही. कुणी लाजरा, कुणी डांबरट, कुणी नुकता रडून आलेला. सतरा नंबरचा तिरळा आहे. त्या दिवशी साहेबांनी दुपारीच घेतली होती.

इवाओला जाऊन अकरा वर्षं झाली. घरातल्या देव्हाऱ्यासमोर मी रोज त्याला भात ठेवते, पण खरं सांगायचं तर तिथे मला त्याची आठवण येत नाही. घोड्यांसमोर येते. म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला मी कुंपणाच्या फटीतून आत जाते आणि त्यांची तोंडं पुसते. घागरा घालते, कारण ते कामाचे कपडे आहेत. दिवाखोलीतही कामाच्या कपड्यांशिवाय आत पाऊल टाकायची सोय नव्हती. त्यात भुतासारखं काय आहे ते मला अजूनही कळलेलं नाही.

त्या आठवड्यात मला झोप लागेना. इकडे आड, तिकडे विहीर. तोंड उघडलं तर घोडे बुलडोझरखाली. मिटलं तर घोडे राहतील, पण भुतांच्या गावात. कधी वाटायचं, राहूदेत की. भुतांसोबत का होईना, उभे तर राहतील. शहाणपण त्यातच होतं. सभेला निघाले तेव्हा मी गप्प बसायचंच ठरवलं होतं, हे कबूल करते.

सभा शाळेच्या व्यायामशाळेत होती. शाळेत आता मुलं अकरा, पण इमारत तीनशेंची. बूट काढून, थंड सपाता पायात घालून आम्ही घडीच्या खुर्च्यांवर बसलो. शंभरेक जण असतील, सगळे सत्तरीच्या पुढचे. समोर नगराध्यक्ष, शेजारी हिरामात्सु. तिशीतला, गोड चेहऱ्याचा, सारखा वाकून नमस्कार करणारा. कोसुगे ध्वनिक्षेपक हातात घेऊन बाजूला उभा. आमच्याकडच्या या सभा म्हणजे काय, तर वरून सांगायचं, शेवटी "कुणाला काही प्रश्न?" विचारायचं, सगळ्यांनी मूग गिळून आपल्या सपातांकडे बघायचं आणि नगरपालिकेने लिहायचं की गावकऱ्यांची संमती मिळाली. इतक्या वर्षांत मी यापेक्षा वेगळं काही पाहिलेलं नाही.

दिवे मंद केले. पडद्यावर चित्रं यायला लागली. गाव तेच, पण काळंनिळं. माझ्या डबीएवढ्या तिकीटघरात फास लटकवलेला.

"प्रत्येक जागेला एक गोष्ट लागते," हिरामात्सु मऊ आवाजात म्हणाला. "इथली नायिका आहे ती लाल घागऱ्यातली स्त्री. तिचा खाणकामगार नवरा स्फोटात गेला. ती वेडी झाली आणि अजून या घोड्यांपाशी त्याची वाट बघतेय."

माझा नवरा दवाखान्यातल्या पलंगावर गेला. जायच्या आदल्या दिवशीपर्यंत तिथल्या सारात मीठ नाही म्हणून भांडत होता. स्फोटात गेले ते एकोणीस जण वेगळे. त्यांची नावं डोंगराखालच्या दगडावर कोरलीत आणि मला ती खुंटीच्या क्रमाने पाठ आहेत. तरी मी गप्प होते. 

मग पुढचं चित्र आलं. घोडे. चोवीसच्या चोवीस. सगळ्यांचे डोळे सारखे, लालभडक, आणि त्यातून खाली ओघळणारं रक्त.

"डोळे आम्ही नव्याने रंगवणार आहोत," हिरामात्सु म्हणाला. "सध्याचे जरा हास्यास्पद आहेत."

कोसुगेने दिवे लावले. "कुणाला काही प्रश्न?"

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. ती माझीच होती.

"मला प्रश्न नाही. माहिती द्यायचीय. ते भूत मी आहे."

कुणीतरी खोकलं. कोसुगेने डोळे मिटले.

"लाल घागरा माझा. कमरेला निळी पट्टी आहे, घरी येऊन बघा. घंटी अस्वलाची आहे. मी दर एक तारखेला कुंपणातून आत जाऊन घोडे पुसते. मी वेडी नाही, माझा नवरा स्फोटात गेला नाही आणि मी कुणाची वाट बघत नाही. जे डोळे तुम्हाला हास्यास्पद वाटले ते त्याने आठ बोटांनी रंगवलेत. त्यांना कुंचला लावायचा तर आधी मला ओलांडून जा."

नगराध्यक्ष उठले. "तोकिए... माफ करा, हागिनो-सान, याचा परिणाम तुम्हाला ठाऊक आहे ना? यांनी माघार घेतली तर उद्यान पाडावं लागेल."

"ठाऊक आहे. पाडायचं तर पाडा, तुमच्या नावाने पाडा. पण जिवंत माणसांचा तमाशा मांडून वाचवू नका. गाव मेलं तरी आम्ही अजून मेलेलो नाही. एवढी कसली घाई झालीय तुम्हाला?"

 राग होता, आणि भीतीही, कारण घोडे आता माझ्याच तोंडाने गेले होते.

तेवढ्यात मागून दुसरी खुर्ची सरकली. मितोबे-सान. शहाऐंशीचा, काठीवर रेललेला, तरी अजून दारात वाकावं लागतं.

"इंटरनेटवर बिनमुंडक्याचा मेंढपाळ दिसतो म्हणतात," तो म्हणाला. "तो मी. पाळण्याच्या धुरेला वंगण घालताना डोकं आत घालावं लागतं. थंडी असते म्हणून झगा घालतो."

"तू? कधी?" मी विचारलं.

"दर रविवारी. तुला कशाला सांगू? तू ओरडली असतीस."

मग नोबु-सान उठली. उपाहारगृहातून रडण्याचा आवाज येतो म्हणे, तर ती तिथे एकटीच जाऊन ताटल्या पुसताना जुनी गाणी म्हणते. "आवाज वाईट आहे हे मान्य," ती फणकारली, "पण रडणं म्हणजे जरा जास्तच झालं." तिच्यामागून पोस्टातला निवृत्त म्हातारा उठला, तो छपरावरचा बर्फ ढकलायला जायचा. मग दोघी बहिणी, ज्या फुलांचे वाफे खुरपायच्या. एकामागून एक खुर्च्या सरकत होत्या. इतकी वर्षं प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच चोर आहोत. एकमेकांच्या वाराला आणि वेळेला कसं कुणी आडवं आलं नाही, देव जाणे. मी तिथेच उभी राहून रडले. पुसलेही नाहीत डोळे.

नगराध्यक्षांचा चेहरा उकडलेल्या बिटासारखा झाला. "परवानगीशिवाय आत गेलेल्यांची नावं लिहून घ्या," ते कोसुगेला म्हणाले. त्यांना वाटलं, आता बसतील. लोकांनी रांग लावली. कोसुगे एकेकाचं नाव-पत्ता विचारून लिहीत होता, तेही सुवाच्य अक्षरात. चौतीस नावं झाली.

हिरामात्सु मात्र हुशार. सभा संपताच माझ्यापुढे येऊन वाकला. "हागिनो-सान, अप्रतिम! जिवंत भुतं! ही कल्पना माझ्या डोक्यातच नव्हती. तुम्ही सगळ्यांनी आहात तसंच यायचं, फक्त बोलायचं नाही आणि जरा हळू चालायचं. पगार देऊ."

"बाळा," मी म्हटलं, "हळू तर आम्ही आता तसेच चालतो. पण बोलायचं नाही हे जमायचं नाही."

तो तोक्योला गेला. आठवड्याने कळवलं की त्यांची कंपनी फेरविचार करतेय. तो फेरविचार अजून चालूच असावा. नगरपालिकेनेही ठरवलं की पाडण्याबाबतचा निर्णय पुढच्या बैठकीत. म्हणजे वसंतात बुलडोझर येईल किंवा येणार नाही. येत्या हिवाळ्यातल्या बर्फाने छप्परच खाली आणलं तर कुणाला काही ठरवावंही लागणार नाही. मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही, मला स्वतःलाच कुणी दिलेला नाही.

एवढं मात्र झालं की कुंपणाची फट बुजवली, फाटकाला नवं कुलूप लागलं आणि आम्हा चौतीस जणांना घरपोच पत्रं आली. शिक्क्यासकट. की सदर उद्यान बंद असून, प्रवेश केल्यास कारवाई केली जाईल.

मितोबे-सानने मला फोन केला. "तुला आलं?"

"आलं."

"मग एक तारखेला?"

"एक तारखेला. पण सकाळी, आणि फाटकातून."

नोव्हेंबरची एक तारीख. आदल्या रात्री पहिला बर्फ भुरभुरला होता. मी घागरा घातला, त्यावर कापूस भरलेला जाड अंगरखा, कमरेला घंटी. फाटकापाशी पोचले तर बहुतेक जण आधीच हजर. मितोबे-सान झग्यात. नोबु-सानच्या पाठीवर एवढं मोठं पातेलं, फडक्यात बांधलेलं. पोस्टवाल्याकडे फावडं. दोघी बहिणींच्या घागऱ्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. एका म्हातारीला मुलाने चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. सगळे कामाच्या कपड्यांत होते, कुणी कुणाला सांगितलं नव्हतं तरी.

फाटकाच्या आत कोसुगे उभा होता. टाय, छत्री, आणि चेहरा असा की घरून जेवूनसुद्धा आला नसावा. आम्हाला अडवायला त्याला एकट्यालाच पाठवलं होतं.

"काकू," तो म्हणाला, "पत्र मिळालं ना? उद्यान बंद आहे."

मी मनगट वर करून घड्याळ पाहिलं. इवाओचं घड्याळ, मला सैल होतं.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "दहाला उघडतं. अजून चार मिनिटं आहेत."

 मी फाटकाला तोंड करून उभी राहिले. माझ्यामागे मितोबे-सान, त्याच्यामागे नोबु-सान, आणि अशी चौतीस जणांची रांग रस्त्याच्या वळणापर्यंत गेली. कुणी घोषणा दिली नाही, कुणी धक्का मारला नाही. बर्फ पडत होता, आम्ही उभे होतो. कोसुगे एकदा आमच्याकडे बघायचा, एकदा मागे घोड्यांकडे. त्याने छत्री मिटली. 

दहा वाजले.

"कोसुगे-कुन," मी म्हटलं, "उघड."

आणि त्याने उघडलं.